उजवा खांदा

मेरिलीनं मिठी मारली तेव्हा तिचा हात टॅमराच्या पाठीवर जरा जास्तच वेळ राहिला. आधी खांद्याच्या खाली, मग बगलेकडे, मग पुन्हा वर मानेपर्यंत. अंधारात दिव्याचं बटण चाचपावं तशी बोटं स्वेटरवरून काहीतरी शोधत फिरली. आईचा देह नुकताच गाडीत घालून नेला होता. दिवाणखान्यातल्या त्या भाड्याच्या पलंगावर चादर अजून तशीच चुरगळून पडली होती. मेरिली आयडाहोहून एकटी गाडी चालवत आली होती, रडून रडून तिचे डोळे सुजले होते, आणि आई गेल्यानंतरची ही दोघी बहिणींची पहिली मिठी होती. त्या मिठीतही बोटं आपलं काम विसरली नव्हती. ती शिवण शोधत होती. त्यांच्या ख्रिस्ती पंथात, मंदिरात जाऊन ज्यांनी शपथा घेतल्या त्यांनी मरेपर्यंत अंगाला लागून पांढरी वस्त्रं घालायची, आणि त्या वस्त्रांची शिवण वरच्या कपड्यातूनही बोटांना कळते. ओरेम गावातल्या बायका एकमेकींच्या पाठीवरून हात फिरवतात तो मायेनंच फिरवतात, पण जाता जाता झडतीही घेऊन जातात. मेरिलीच्या बोटांना काही लागलं नाही. तिनं हात काढून घेतला. झटक्यानं नाही, झोपलेल्या बाळाच्या मानेखालून काढावा तसा हळूच. मग टॅमराचा चेहरा दोन्ही हातांत धरून ती म्हणाली, "किती वाळलीस गं, टॅमी."

वॉर्डातल्या, म्हणजे वस्तीच्या चर्चमधल्या, बायका व्यासपीठावरून बोलतात तो हा आवाज. साखरेच्या पाकात बुडवून काढलेला, वाक्याच्या शेवटी किंचित थरथरणारा. हा आवाज घरात कुणी कुणाला शिकवत नाही, तो आपोआप येतो, जशी चाळिशीत आईची हनुवटी येते. टॅमराकडेही तो होता. वीस वर्षं तिनं रविवारच्या वर्गात मुलींना याच आवाजात शुद्धतेचे धडे दिले होते. मळलेल्या पांढऱ्या हातमोज्याचं उदाहरण दिलं होतं. त्यातली एक मुलगी, मागच्या रांगेतली, चेहऱ्यावर पुरळ असलेली, त्या दिवशी वर्ग संपेपर्यंत मांडीखाली हात घालून बसली होती. टॅमराला ती आता अधूनमधून आठवायची आणि स्वतःच्या गळ्यातून तो आवाज उपटून काढावासा वाटायचा. आता तो मेरिलीच्या तोंडून ऐकताना तिला वाटलं, हिला ढकलून द्यावं. पण ती म्हणाली, "खाणं होत नव्हतं वेळेवर." म्हणजे तीही त्याच आवाजात बोलली.

विश्वास उडणं नेमकं केव्हा सुरू झालं, असं रीडनं तिला कितीतरी वेळा विचारलं होतं. तिचा नवरा विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करणारा माणूस. पाणी कुठून झिरपलं ते त्याला नेमकं दाखवावं लागायचं. कुठलं पुस्तक वाचलंस? कुणी डोकं फिरवलं? तिला दाखवता येत नव्हतं. मंदिरात मेलेल्यांच्या नावानं विधी करतात. जिवंत माणसानं त्या मेलेल्याच्या जागी उभं राहायचं, म्हणजे त्याचाही उद्धार होतो. एका गुरुवारी सकाळी टॅमराच्या हातात जे नाव आलं ते होतं इंगेबोर्ग, नॉर्वेतल्या कुठल्याशा खाडीकाठची, एकोणिसाव्या वर्षी मेलेली. शेकडो बायकांच्या जागी टॅमरा अशी उभी राहिली होती आणि कुणाचंही नाव दुपारपर्यंत तिच्या लक्षात राहिलं नव्हतं. त्या दिवशी मात्र पांढऱ्या पडद्यांच्या त्या छोट्या खोलीत, विधी करणाऱ्या म्हातारीचा तेलाचा ओला अंगठा कपाळावर टेकला असताना, तिच्या मनात आलं, हिला कुणी विचारलं? बस, एवढंच. वीज पडली नाही, रडू आलं नाही. ती घरी आली, तिनं टाको केले, मुलाच्या शर्टाचं बटण लावलं. पण हलणाऱ्या दाताकडे जीभ जाते तशी ती पुन्हापुन्हा तिथं जायला लागली. हिला कुणी विचारलं? मग, मला कुणी विचारलं? आठव्या वर्षी बाप्तिस्म्यासाठी पाण्यात बुडवलं तेव्हा, बाविसाव्या वर्षी शपथा घ्यायला लावल्या तेव्हा? दात एकदा हलला की हिरडी धरून ठेवत नाही. दोन वर्षं ती तोंड मिटून बसली, आणि मागच्या उन्हाळ्यात एके दिवशी तिनं वस्त्रं धुऊन, घडी करून खालच्या कप्प्यात ठेवली ती पुन्हा काढली नाहीत. दुकानातली साधी बनियन अंगाला लागली तेव्हा आधी तिला भीती वाटली, आणि नंतर खांद्यांना गार वारा लागला.

रीडला कपड्यांच्या घड्या करताना कळलं. वाळलेल्या ढिगात फक्त त्याची वस्त्रं होती. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं आपल्या घड्या बाजूला केल्या, तिच्या रंगीत बनियनी बोटांच्या चिमटीत धरून वेगळ्या ठेवल्या, आणि म्हणाला, "मी तुझ्याशी या जन्मापुरतं लग्न केलं नव्हतं, टॅमी. तू करारातून निघून चाललीस आणि मला साधं सांगितलंही नाहीस." त्यानंतर घरात दोघं एकमेकांना वाट देत चालायचे, अरुंद बोळातून दोन अनोळखी माणसं चालतात तसे. जेवणाआधी तो प्रार्थना म्हणायचा आणि "या घरातल्या प्रत्येकाला सत्य दिसो" असं म्हणताना त्याचा आवाज एका जागी दाबला जायचा. तिला वाटायचं, काटा उचलून त्या दाबलेल्या जागी खुपसावा. मुलगा पोर्टर धर्मप्रचाराला पेरू देशात गेला होता. आठवड्यातून एकदा पडद्यावर दिसायचा, पांढरा सदरा, काळी नावपट्टी, उन्हानं सोललेलं नाक. त्याच्यासमोर दोघं खांद्याला खांदा लावून बसायचे आणि हसायचे. पडदा काळा झाला की रीडचा खांदा लगेच बाजूला व्हायचा.

म्हणून आईचं आजारपण तिला सुटकेसारखं वाटलं होतं, आणि हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात आई, नेड्रा, टपालपेटीपाशी बर्फावर घसरली आणि तिचा उजवा खांदा मोडला. तो पुन्हा नीट बसलाच नाही. मग पोटातली गाठ सापडली. भाऊ गार्थ बिशप, म्हणजे त्याच्या वॉर्डाचा प्रमुख होता, त्याला दुसऱ्यांच्या घरच्या दुखण्यांतून वेळ नव्हता. मेरिली फोनवर रडायची. टॅमरा रोज सकाळी आईकडे जायची आणि अंधार पडल्यावर परतायची. तिथं कुणी तिला काही विचारत नव्हतं. कोमट पाणी, मऊ फडकं, मलम, दर थोड्या वेळानं कूस बदलणं. आईच्या अंगावरच्या सगळ्या सुरकुत्या तिच्या हातांना पाठ झाल्या. आईचीही पांढरी वस्त्रं होती, शेवटी शेवटी ती फार सैल झाली होती. टॅमरा ती काढायची, अंग पुसायची, पुन्हा घालायची. आधी डावा हात. मग उजव्याचा कोपर दुमडून, तो हात छातीवर आणून, खांदा अजिबात न उचलता बाही वर सरकवायची. एवढं जमलं तर आई कण्हत नसे. ज्या गोष्टीवर आपला काडीचा विश्वास उरला नाही ती आपण इतक्या नाजूकपणे कुणाच्या अंगावर चढवतो आहोत, याचं तिला हसू यायचं. आणि आपल्या हातांचा अभिमानही वाटायचा.

मेल्यावर मंदिराचे सगळे कपडे घालून पुरायचं असतं, आणि ते मंदिराच्या शपथा पाळणाऱ्या घरच्या बायकांनी चढवायचे असतात. आजी गेली तेव्हा आईनं दोघी मुलींना बरोबर नेलं होतं. टॅमराचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं आणि ती भीतीनं गार पडली होती. आई मात्र आजीच्या कानाशी वाकून "आता दुसरा पाय हं, मम्मा" असं म्हणत मोजे चढवत होती. शेवटी हनुवटीखाली तोंडावर ओढायच्या पांढऱ्या बुरख्याची फीत बांधायची वेळ आली तेव्हा मेरिलीनं इतकी आवळली, की आई हसून म्हणाली होती, "अगं, ती आधीच गेली आहे. माझ्या वेळी फीत टॅमी बांधेल." हे वाक्य टॅमरानं इतकी वर्षं जपलं होतं. देव गेला, संदेष्टे गेले, सोन्याच्या पाट्यांवर सापडलेलं शास्त्र गेलं, पण हे वाक्य राहिलं होतं. आईचा पांढरा झगा दोन महिन्यांपूर्वी तिनंच धुऊन इस्त्री करून ठेवला होता, आईच्या डोळ्यांसमोर.

दफनाची तयारी करणाऱ्या फ्युनरल होमच्या मागच्या खोलीबाहेर एक बारकासा बोळ होता. जमिनीवर बदामी गालिचा, भिंतीवर लाल झग्यातला येशू, तिपाईवर पेपरमिंटच्या गोळ्यांची वाटी. आईच्या वॉर्डातल्या महिला मंडळाची अध्यक्ष सिस्टर जेसप आधीच येऊन उभी होती. मेरिली कपड्यांची पिशवी छातीशी धरून आली आणि दारापाशी थांबली.

"टॅमी, तू इथंच बस ना जरा."

"का?"

"आत फार गर्दी होईल."

"तीन बायकांची?"

सिस्टर जेसप येशूकडे बघायला लागली.

"तुझ्याकडे मंदिरात जायचा परवाना आहे का?" मेरिली म्हणाली. "चालू असलेला?"

"नाही, हे तुला परवाच कळलं. पाठीवर हात फिरवून बघितलंस की."

मेरिली लाजेल असं तिला वाटलं होतं. ती लाजली नाही. "बघावंच लागलं मला. खरं आहे की नाही याची खात्री करायची होती."

"म्हणजे कुणीतरी आधी सांगितलं होतं."

"आईनं."

मेरिलीनं पिशवी आणखी घट्ट छातीशी धरली.

"आई म्हणाली, टॅमीला आत घेऊ नका," मेरिली म्हणाली, आणि आता तिच्या आवाजात साखर नव्हती. "मी नाही म्हटलं हे. तिनं म्हटलं. वाटलं तर सगळ्यांसमोर शपथ घेते."

"शपथा तुम्हाला चांगल्याच येतात," टॅमरा म्हणाली. सिस्टर जेसपनं हळूच तिच्या दंडाला हात लावला, "माय डिअर," आणि टॅमरानं तो असा झटकला की सिस्टर जेसपचं घड्याळ भिंतीवर आपटलं. मग दोघी आत गेल्या. दार लागलं.

ती खुर्चीवर बसली. आईला माहीत होतं. हे वाक्य तिच्या डोक्यात नीट बसेना; ते इकडून तिकडून आत घालून बघावं लागत होतं. आईला माहीत होतं, आणि तरी ती रोज सकाळी टॅमराची वाट बघत होती. माहीत होतं, आणि तिनं आपलं उघडं अंग या हातांत दिलं. तेवढ्यानं सगळे दिवस उलटे फिरून तिच्यासमोर आले, आणि प्रत्येक दिवसाचा चेहरा बदललेला होता. एका सकाळी आई म्हणाली होती, "तोंड माझं मी पुसते," आणि थरथरत्या डाव्या हातानं फडकं ओढून घेतलं होतं. टॅमराला तेव्हा कौतुक वाटलं होतं, म्हातारीत अजून जीव आहे म्हणून. तो विटाळ होता का? पांढरी वस्त्रं चढवताना आई डोळे मिटून घ्यायची. दुखतंय म्हणून, की हे हात बघायला नकोत म्हणून? आणि गेली त्याच्या आदल्या दुपारी तिनं टॅमराचं मनगट धरलं होतं, घट्ट, नखं रुतेपर्यंत, आणि सोडेचना. टॅमरा किती वेळ तशीच वाकून उभी राहिली होती, पाठीला रग लागली तरी. तिला वाटलं होतं, आयुष्यात एवढं प्रेम आपल्याला कुणी दिलं नाही. आता तिला कळेना, ते धरणं होतं की अडवणं. हा एक क्षणसुद्धा या लोकांनी तिच्यापाशी धड ठेवला नाही. सगळ्यांचा तिला इतका संताप आला की तोंडात गंजल्यासारखी चव आली. आणि सगळ्यांत जास्त संताप आला तो आत पालथ्या-उताण्या होत असलेल्या त्या म्हातारीचा.

आतून कुजबुज येत होती. "धरा, धरा तुम्ही." "असं नाही, दुसरीकडून." मेरिलीचा श्वास फुलला होता. टॅमराला न बघताही दिसत होतं. त्यांनी डावा हात घातला होता, आणि आता त्या उजवा हात वर उचलून बाहीत घालायला बघत होत्या. वर नाही. आधी कोपर. ती उठली. दाराच्या मुठीवर हात ठेवला. मूठ गार होती. एवढंच म्हणायचं होतं, कोपर दुमडा आणि छातीवर आणा. दाराआडूनही सांगता आलं असतं. त्याला काही परवाना लागत नव्हता. ती बोलली नाही. दमू देत, तिला वाटलं. कळू दे यांना. "ओढा थोडं," सिस्टर जेसप म्हणाली. मग कापड टर्रकन फाटलं, आणि त्याच्या मागोमाग दुसरा एक आवाज आला, ओली फांदी मोडताना यावा तसा, बारीक. आत सगळं थांबलं. टॅमरानं मुठीवरचा हात काढला आणि परत खुर्चीवर येऊन बसली. बऱ्याच वेळानं दोघी बाहेर आल्या. मेरिलीच्या कपाळावर केस चिकटले होते. "फार सुंदर दिसतेय," ती म्हणाली. "सगळं छान झालं. आत खूप शांती होती." टॅमरानं वाटीतली एक पेपरमिंट उचलून तोंडात टाकली आणि दातांनी कडकन फोडली.

शनिवारी दफनाच्या आधी घरच्या लोकांची प्रार्थना होती. दरीत धुरकट धुकं अडकून बसलं होतं, टिम्पानोगसचा डोंगर आठवडाभर दिसला नव्हता. वॉर्डाच्या इमारतीतल्या छोट्या खोलीत सगळे शवपेटीभोवती उभे राहिले, नातवंडं पुढं, जावई मागं. आई पांढऱ्यात होती. तोंडावर नको इतका रंग लावला होता. टॅमरानं आधी तोंड बघितलंच नाही. तिनं खांदा बघितला. उजवा खांदा पुढं आला होता, एखाद्या गोष्टीचं आपल्याला काय, असं म्हणताना माणूस उचलतो तसा. बगलेजवळ कापड जरा गोळा झालं होतं. सगळ्यांनी हात घडी घालून डोळे मिटले. गार्थ प्रार्थना करायला लागला. त्याचा आवाज खोल, भरदार. लोक म्हणायचे की या आवाजानं माणूस निम्मा बरा होतो. त्यानं आईच्या कष्टांबद्दल आभार मानले, धर्मासाठी हातगाड्या ओढत अफाट मैदानं ओलांडून आलेल्या खापरपणजीबद्दल मानले, बाबा पलीकडे वाट बघत उभे आहेत त्याबद्दल मानले.

"आणि पित्या, आमच्यातली एक वाट चुकली आहे. आमची बहीण टॅमरा हिचं हृदय मऊ कर, म्हणजे पलीकडच्या त्या घरी एकही खुर्ची रिकामी..."

"माझं नाव घेऊ नकोस, गार्थ."

ती ओरडली नव्हती. मीठ दे, म्हणावं तसं म्हणाली होती. पण प्रार्थनेच्या मधे या घरात आजवर कुणी बोललं नव्हतं, आणि डोळे उघडावेत की नाही हे कुणाला कळेना. एक पोरगं फिस्सकन हसलं आणि त्याला चापट बसल्याचा आवाज आला.

"टॅमी," गार्थ डोळे मिटूनच म्हणाला, "मी देवाशी बोलतोय."

"बोल ना. माझं नाव गाळून बोल."

"हे प्रेमापोटी चाललंय."

"ते मला ठाऊक आहे. म्हणूनच सांगतेय."

गार्थचा जबडा हलला. मग त्यानं घाईघाईनं आमेन म्हटलं, आणि बाकीच्यांनी ते एखाद्या खड्ड्यावरून उडी मारावी तसं म्हटलं. मेरिलीनं पुढं होऊन आईच्या तोंडावर बुरखा ओढला आणि फीत बांधली. गाठ आवळलीच.

दफनभूमीकडे जाताना गाडीत ती आणि रीड दोघंच होती. सकाळी पोर्टरचा निरोप आला होता, आजी आता आजोबांबरोबर आहे, मला पक्कं माहीत आहे, तुलाही आहे ना, मॉम? तिनं उत्तर दिलं नव्हतं. रीड शवगाडीच्या मागं दिवे लावून हळू चालवत होता. त्याचे डोळे लाल होते. नेड्रावर त्याचा खरंच जीव होता.

"आईला तू सांगितलंस," टॅमरा म्हणाली.

त्यानं वळणाचा दिवा लावला. "हो."

"केव्हा?"

"तू औषधं आणायला गेली होतीस तेव्हा. जानेवारीत."

"मरायला टेकलेल्या बाईला?"

"म्हणूनच." तो तिच्याकडे वळून म्हणाला, "ती तिकडं जाणार होती, टॅमी. तुझ्या बाबांना भेटणार होती. त्यांनी पहिल्यांदा तुझंच विचारलं असतं. टॅमी कशी आहे? मग काय सांगायचं होतं तिनं? खोटं?"

तो चेष्टा करतोय का, हे तिनं बघितलं. तो चेष्टा करत नव्हता. एखाद्या नातेवाइकाला विमानतळावर कोण आणायला जाईल याची करावी, तितक्या काळजीनं तो हे बोलत होता. याच माणसाबरोबर आपण बावीस वर्षं झोपलो, आणि याला बाबांसमोर आपली आई तोंडघशी पडेल याची भीती वाटते.

"मला वाटलं, ती तुला समजावेल," रीड म्हणाला. "पण ती मलाच म्हणाली, तू टॅमीला एक शब्द बोलू नकोस. मग मी तरी काय करणार होतो?"

"गाडी नीट चालव," ती म्हणाली.

थडग्यापाशी गार्थनं ती जमीन पवित्र केली, पुनरुत्थानाच्या सकाळपर्यंत हा देह सुखरूप राहो म्हणून. नंतर लोक एकमेकांना धरत, बर्फ चुकवत मोटारींकडे गेले. पेटी खाली उतरवण्याच्या आधीच निघायची इथली रीत. दोन कामगार फावड्यांना टेकून लांब उभे होते. टॅमरा हलली नाही. रीडनं हाक मारली, मग तोही गेला. मेरिली मात्र परत आली, काळे बूट चिखलात रुतवत.

"चल. हॉलमध्ये सगळे थांबलेत. बटाटे गार होतील."

"शिवण उसवली ना?"

"काय?"

"उजव्या बाहीची. मला बाहेर ऐकू आलं."

मेरिलीनं कोट घट्ट ओढून घेतला. "हो. आतून पिन लावली."

"कोपर दुमडून छातीवर आणायचा असतो. मग बाही सरकते. रोज मी तेच करत होते."

"तुला येतं हे मला माहीत होतं."

"मग हाक का नाही मारलीस?"

"तू का नाही सांगितलंस दाराआडून?" मेरिलीचा आवाज चिरकला. "तिथंच बसली होतीस ना? की फक्त शिवणच ऐकू आली तुला? दुसरं काही नाही ऐकू आलं?"

"आलं," टॅमरा म्हणाली.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांनी एकमेकींकडे असं धड बघितलं नव्हतं. कामगारांपैकी एकानं घसा खाकरला.

"आई नेमकं काय म्हणाली ते सांगू?" मेरिली म्हणाली.

"नको."

"नको असेल तरी ऐक. म्हणाली, मी आहे तोवर टॅमीच करू दे. तिचा हात हलका आहे, तुझा जड. मी गेले की मात्र तिला आत घेऊ नका." तिनं बाहीनं नाक पुसलं. "मागच्या खेपेला आले तेव्हा मी तिच्या पायाशी बसले होते, आणि मला काय मिळालं? तुझा हात जड. मी आयुष्यभर सगळं केलं, टॅमी. सगळं पाळलं. आणि तुझा हात हलका."

टॅमराला त्यावर काही चांगलं बोलता आलं असतं. "हातगाडी ओढणाऱ्यांचा जडच असतो," ती म्हणाली. मेरिली मागं न बघता निघून गेली.

पेटी खाली जाईपर्यंत ती थांबली. मग जेवणाच्या हॉलकडे न जाता रस्त्यानं चालत आईच्या घरी गेली. फार लांब नव्हतं. हॉलमध्ये आता हॅम कापत असतील, हिरव्या जेलीतलं किसलेलं गाजर चमच्यानं बाजूला सारत पोरं भांडत असतील, आणि बायका पाकातल्या आवाजात म्हणत असतील, बिचारा रीड. घरात वास अजून मलमाचाच होता. पलंग न्यायला सोमवारी माणसं येणार होती. टॅमरानं कोट काढला, बूट काढले, आणि आईच्या चुरगळलेल्या चादरीवर जाऊन आडवी झाली.

तिला वाटलं होतं, इथून छत दिसत असेल. आई तासन्‌तास छताकडे बघते असंच ती समजत होती. छत दिसत नव्हतं. मान उशीच्या खळग्यात आपोआप डावीकडे कलत होती, आणि तिथून दारातून सरळ स्वयंपाकघरातलं बेसिन दिसत होतं. त्या बेसिनपाशी ती रोज पाठमोरी उभी राहून फडकी पिळायची, स्वेटर काढून ठेवून, बनियनवर, कारण आईसाठी हीटर फार वाढवलेला असायचा. म्हणजे आई रोज हे बघत होती. उघडे खांदे, उघडा मानेचा भाग, रंगीत पट्टी. रीडनं सांगायच्या आधीही बघत असेल. पाठीला डोळे नसतात. आई कशी बघत होती, हे आता कुणाला विचारणार? टॅमरानं त्या रिकाम्या बेसिनकडे आईच्या डोळ्यांनी बघायचा प्रयत्न केला. आधी रागानं बघितलं, मग मायेनं. दोन्ही जमलं, आणि दोन्हींत बेसिन तेच राहिलं.

बाहेर गाडी थांबली. दार उघडून रीड आत आला. त्याच्या हातात फॉइलनं झाकलेली ताटली होती आणि काळ्या टायवर कसलातरी डाग पडला होता. तिला पलंगावर बघून तो जागीच थबकला.

"सगळे विचारतायत," तो म्हणाला. "गार्थ म्हणतोय, झालं गेलं विसरू. फक्त ये."

तिची नजर बेसिनवरच होती.

"ऊठ ना तिथून, टॅमी. बरं दिसत नाही. आईची जागा आहे ती."

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि उजवा खांदा सांभाळून तिनं कूस बदलली.